खिडकीतून आभाळ दिसणारं गाव

मुलांनो, एक कोडं घालते. भिंत आहे, भिंतीला खिडकी आहे, पण आत घर नाही. खिडकीतून आत डोकावलं की दिसतं ते फक्त आभाळ! सांगा बरं, असं कुठं असेल?

एखाद्या गोष्टीतल्या जादूच्या वाड्यात, असं तुम्ही म्हणाल. पण हे घर खरोखर आहे. इटली देशात, रोम शहराच्या उत्तरेला सुमारे १२० किलोमीटरवर, एका उंच खडकाच्या माथ्यावर चिविता दि बान्योरेज्यो नावाचं इवलंसं गाव आहे. गावाच्या वेशीतून आत शिरलं की एका जुन्या वाड्याची दर्शनी भिंत दिसते. दार आहे, खिडक्या आहेत. मागचा वाडा मात्र कधीच दरीत कोसळून गेला. उरली ती नुसती भिंत.

असं कसं झालं? वाडा बांधणाऱ्यांनी काही कमी-जास्त केलं का? मुळीच नाही. दोष वाड्याचा नव्हता. वाडा ज्याच्यावर उभा होता, ती जमीनच सरकली. म्हणून आज आपण चिविता गाव पाहणार आहोत ते वरून नाही, तर खालून!

आधी जमीन, मग गाव

नकाशा काढा. इटली म्हणजे भूमध्य समुद्रात घुसलेला एक उंच टाचेचा बूट. त्या बुटाच्या मध्यावर रोम. रोमहून वर सरकलात की बोल्सेना नावाचं मोठं गोल सरोवर सापडेल. सरोवराच्या पूर्वेला आणि टायबर नदीच्या पश्चिमेला, या दोघांच्या मधल्या डोंगराळ भागात आपलं चिविता आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ४४० मीटर उंच.

लाखो वर्षांपूर्वी या भागावर समुद्र होता. समुद्राच्या तळाशी बारीक गाळ साठत गेला. समुद्र मागे हटला आणि त्या गाळाची जाड चिकणमाती तिथेच राहिली.

पुढे बोल्सेनाच्या परिसरात ज्वालामुखी जागे झाले. आकाशात राखेचे लोट उठले. ती गरम राख मैलोन्मैल पसरली, थरावर थर बसले आणि दबून त्यांचा दगड झाला. या राखेच्या दगडाला म्हणतात टफ.

आता कोणी हुशार मुलगा विचारेल, “बाई, आपला सह्याद्रीसुद्धा ज्वालामुखीतूनच झाला ना?” शाबास! पण फरक आहे. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट. तो वाहत्या लाव्हारसाचा झाला, म्हणून कठीण. टफ झाला तो राखेचा, म्हणून तो मऊ. साध्या हत्यारांनीसुद्धा तो कोरता येतो.

म्हणजे चिविताच्या पोटात दोन मजले आहेत. वरचा मजला दगडाचा, खालचा चिकणमातीचा. हे नीट लक्षात ठेवा. गावाची सगळी गोष्ट या दोन मजल्यांतच दडलेली आहे.

अडीच हजार वर्षांची वस्ती

हे गाव वसवलं एट्रुस्कन लोकांनी, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी. रोमचं साम्राज्य उभं राहण्याच्या आधी इटलीच्या या भागात त्यांची भरभराटीची नगरं होती. त्यांनी हाच माथा का निवडला असेल?

विचार करा. चारही बाजूंना सरळ तुटलेले कडे, म्हणजे शत्रू सहजासहजी वर येणार नाही. दगड मऊ, म्हणजे घर बांधायचं तर दगड पायाखालीच हजर. शिवाय खाली कोरत गेलं की तळघरं तयार. धान्य ठेवा, द्राक्षाची दारू साठवा, पावसाचं पाणी साठवा. सरोवराकडून टायबर नदीकडे जाणारी वाट जवळून जायची, त्यामुळे व्यापारही होता. गावात शिरायची एक वाट तर एट्रुस्कनांनी चक्क खडक कापून केली. आजही पाहुणे त्याच वाटेने, सांता मारिया नावाच्या वेशीतून आत जातात. वेशीवर दगडाचे दोन सिंह आहेत आणि त्यांच्या पंजांत माणसांची मुंडकी! शेजारच्या ऑर्व्हिएतो शहरातल्या जुलमी सरदारांचा गावकऱ्यांनी पराभव केला, त्याची ती आठवण, असं सांगतात.

एट्रुस्कनांमागून रोमन आले. रोमनांच्या नंतर इतर राजे आले. ‘बान्योरेज्यो’ या नावाचा अर्थ ‘राजाचं स्नान’. आठव्या शतकात देसिदेरिउस नावाचा एक राजा होता. इथल्या गरम झऱ्यात आंघोळ करून तो बरा झाला, अशी दंतकथा आहे.

तेराव्या शतकात या गावात एक मुलगा जन्मला. मोठा होऊन तो पॅरिसच्या विद्यापीठात शिकला, तिथे शिकवू लागला, संत फ्रान्सिसच्या पंथाचा प्रमुख झाला. त्याचं नाव संत बोनाव्हेंतूर. १२७४ साली तो वारला. त्याच्या जन्मघराला भेट द्यायची म्हणाल, तर ते नाही. आहे ती फक्त जागा, आणि तीही कड्याच्या काठावर. घर केव्हाच दरीत गेलं!

पाणी काय करतं?

चिविताच्या दोन बाजूंनी दोन ओढे वाहतात. एकाचं नाव रिओ क्यारो, म्हणजे स्वच्छ ओढा. दुसऱ्याचं रिओ तोर्बिदो, म्हणजे गढूळ ओढा. दुसऱ्या ओढ्याचं पाणी गढूळ कशाने झालं असेल? डोंगराची माती वाहून नेल्याने! नावातच उत्तर आहे.

चला, एक प्रयोग करू. मोठ्या माणसांना विचारून अंगणात करा. एका परातीत ओल्या चिकणमातीचा ढीग करा आणि वरून थापून सपाट करा. त्यावर विटेचा एक तुकडा ठेवा. हे झालं तुमचं चिविता. आता तांब्याने ढिगाच्या पायथ्याशी बारीक धार सोडा. विटेवर पाणी टाकायचं नाही हं, फक्त पायथ्याशी.

थोड्या वेळाने काय दिसेल? विटेला काही झालेलं नाही, पण खालची माती सरकते आहे. मग वीट एका बाजूला कलते आणि धप्पकन खाली!

चिवितात हेच होतं, फक्त शेकडो वर्षं लावून. ओढे पायथ्याची चिकणमाती कापत जातात. पावसाचं पाणी पिऊन ती माती फुगते, निसरडी होते आणि घसरते. वरच्या टफचा आधार सुटला की त्याला उभ्या भेगा पडतात आणि कड्याचे मोठमोठे चिरे सुटून दरीत जातात. त्या चिऱ्यावर जे काही असेल, घर, अंगण, बाग, ते सगळं त्याच्याबरोबर.

आजूबाजूच्या दरीत उघड्या पडलेल्या मातीच्या सुरकुतलेल्या, टोकदार रांगा दिसतात. इटालियन लोक त्यांना कालांकी म्हणतात. लांबून त्या एखाद्या म्हाताऱ्या हत्तीच्या कातडीसारख्या वाटतात.

पूर्वी चिविता आणि शेजारचं बान्योरेज्यो ही एकाच गावाची दोन अंगं होती. मध्ये डोंगराची धार होती, तिच्यावरून लोक ये-जा करत. तीही धार झिजली, खचली आणि चिविता बेटासारखं एकटं पडलं.

गाव कशाने मरतं?

जून १६९५ मध्ये मोठा भूकंप झाला. घरं पडली, वाट खचली. बिशप आणि गावचा कारभार शेजारच्या बान्योरेज्योत हलला. कारभार गेला, तसे हळूहळू लोकही निघाले. आज बान्योरेज्योत साडेतीन हजारांच्या आसपास वस्ती आहे आणि चिवितात कायमचे राहणारे जेमतेम दहा-पंधरा!

इथे जरा थांबा. भूकंपाने एका दिवसात गाव ओस पडलं नाही. ते ओस पडलं पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत. वाट अवघड, कामधंदा शेजारी, मग तरुण माणसं कशाला राहतील? बान्योरेज्योतच जन्मलेल्या बोनाव्हेंतुरा तेक्की या लेखकाने चिविताला ‘मरणारं गाव’ म्हटलं, आणि ते नाव गावाला चिकटलंच. मला वाटतं, दरड कोसळली की गावाचा तुकडा जातो. पण माणसं निघून गेली की गावच जातं.

दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने चिविताचा पूल उडवला. १९६५ साली आजचा लांबलचक सिमेंटचा पूल झाला, सुमारे ३०० मीटरचा. तो फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. शेवटी शेवटी इतका चढ की मोठी माणसंही धापा टाकतात. मोटारगाड्या जाऊ शकत नाहीत. पूर्वी सामान गाढवांच्या पाठीवरून यायचं, आता छोट्या गाड्यांवरून येतं.

गाढवांवरून आठवलं! गावच्या चौकात वर्षातून दोनदा, जून आणि सप्टेंबरमध्ये, गाढवांच्या शर्यती लागतात. नेहमी शांत असणारा चौक त्या दिवशी आरोळ्यांनी दणाणून जातो. गाढव पळायचं सोडून मध्येच उभं राहिलं तर मजा विचारू नका!

याच चौकात सान दोनातोचं चर्च आहे. तिथली येशूची जुनी लाकडी मूर्ती गुड फ्रायडेला मिरवणुकीने पूल ओलांडून बान्योरेज्योत नेतात. मध्यरात्रीच्या आत ती परत आली नाही, तर कायमची बान्योरेज्योची होईल, अशी समजूत आहे. म्हणून चिविताचे लोक घड्याळावर डोळा ठेवून तिला घरी आणतात. संख्या दहा-पंधरा असली तरी आपल्या गावावरचा हक्क काही कोणी सोडत नाही.

दीड युरोचं तिकीट

२००६ साली जगातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या शंभर वारसास्थळांच्या एका यादीत चिविताचं नाव आलं. कड्यांना पोलादी सळया ठोकून खडक शिवायचं काम झालं. कापड फाटलं की आपण टाका घालतो ना, तसंच. डोंगर किती सरकतो ते मोजणारी उपकरणंही बसवली. दरडींची माहिती देणारं एक संग्रहालयच गावात उघडलं. पण या सगळ्याला पैसा लागतो.

२०१३ साली बान्योरेज्योच्या नगराध्यक्षांनी एक अजब निर्णय घेतला. चिवितात शिरायला तिकीट, दीड युरो! गावात शिरायला कधी तिकीट असतं का? पुष्कळांनी नाकं मुरडली. पण झालं उलटंच. तिकीट लागलेलं गाव आहे तरी कसं, म्हणून लोक पाहायला येऊ लागले. २०१० च्या आसपास वर्षाला चाळीस हजारांच्या घरात पाहुणे यायचे. २०१७ पर्यंत तो आकडा सात-आठ लाखांवर गेला. तिकीट वाढत पाच युरोपर्यंत पोचलं. बान्योरेज्योच्या लोकांना गावचे कर माफ झाले, तरुणांना खानावळीत, दुकानांत काम मिळालं.

मग ‘मरणारं गाव’ वाचलं म्हणायचं का?

हो आणि नाही. पडक्या घरांची डागडुजी झाली, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या आल्या. पण संध्याकाळी पाहुणे पूल उतरून गेले की मागे राहतात ती तीच दहा-पंधरा माणसं आणि त्यांच्या पायांत घोटाळणारी मांजरं. चौकात गोट्या खेळायला, भांडायला, उशिरा घरी आल्याबद्दल ओरडा खायला मुलं हवीत ना? तिकीट काढून पाहुणे आणता येतात, शेजारी नाही आणता येत. आणि ओढे तर अजूनही वाहतच आहेत.

म्हणून चिविताला आजही दोन कामं करायची आहेत. खालची माती धरून ठेवायची आणि वरची माणसं. पहिलं काम इंजिनिअरचं. दुसरं कोणाचं? ते मात्र घरी आई-बाबांबरोबर बोलून ठरवा.

आणि हो, सुट्टीत गावी गेलात की एक काम करा. एखाद्या विहिरीचा कठडा, रस्त्यासाठी कापलेली टेकडी किंवा ओढ्याचा तुटलेला काठ लांबूनच पाहा. आजी-आजोबांना सोबत न्या. वर कोणती माती, तिच्याखाली मुरूम किती, कातळ कुठं लागतो, ते वहीत काढून घ्या. आपण ज्याच्यावर उभे आहोत ते काय आहे, हे प्रत्येकाला ठाऊक हवं. चिविताच्या त्या आभाळाच्या खिडकीने आपल्याला एवढं तरी शिकवलं.