जुन्या रिव्हॉल्व्हरांची निगा

कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे बोनस, महागाई भत्ता, फार तर एखाद्या संपाची हकीकत ऐकायला मिळणार, अशी श्रोत्यांची मनाची तयारी असते. म्हणूनच आमचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, "हे हत्यार तुम्ही कधी उचललेत?" तेव्हा खुलासा आरंभीच केलेला बरा. या विषयाशी आमचा संबंध आला तो निकेलच्या हौदामुळे. संघटनेच्या कामात पडण्यापूर्वी आम्ही मुलामा देणाऱ्या एका लहान कारखान्यात होतो. सायकलींची हँडले आणि नळाच्या तोट्या हे रोजचे काम. पण बंदूक-दुरुस्तीचा परवाना असलेले एक वृद्ध कारागीर अधूनमधून जुन्या रिव्हॉल्व्हरचा एखादा सुटा भाग घेऊन येत. शाळा लवकर सुटली होती, परंतु ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडे असे. त्या दोहोंतून जे पदरी पडले तेच येथे मांडतो.

रिव्हॉल्व्हरला निकेल द्यायचे कारण केवळ शोभा हे नव्हे. एकोणिसाव्या शतकातली काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांची असे. ती जळाल्यावर निम्म्याहून अधिक भाग वायू न होता क्षारांच्या घन रूपात उरतो. हे क्षार हवेतले पाणी ओढून घेतात आणि उघड्या पोलादाला एका रात्रीत गंज चढवतात. त्यात हे हत्यार कमरेला किंवा खिशात, म्हणजे घामाच्या शेजारी. बॉस्टनचे आयझॅक ॲडम्स यांनी १८६९ साली निकेलच्या मुलाम्याचे पेटंट घेतले आणि ही कला कारखान्यात रुळली. स्प्रिंगफील्डची स्मिथ अँड वेसन व हार्टफर्डची कोल्ट या दोन्ही कंपन्या निळ्या-काळ्या झाकेच्या जोडीने निकेलची रिव्हॉल्व्हरेही विकू लागल्या.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढची सगळी निगा तिच्यावर उभी आहे. बादलीला जस्त चढवलेले असते. तिला ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. निकेल असे करीत नाही. ते लोखंडापेक्षा स्वस्थ धातू आहे. थराला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले की ओलाव्यात उलट त्या छिद्राखालचे लोखंडच वेगाने खाल्ले जाते. वरून आरसा, आतून वाळवी, असा प्रकार होतो आणि एके दिवशी निकेलचा पापुद्रा निघून हातात येतो. हा थर केसाहूनही पातळ असतो. कल्हईचे भांडे कोणी वाळूने घासत नाही. मग निकेलवर लोखंडी काथ्या का चालवावा?

प्रत्यक्ष सफाईकडे वळू. सर्वांत आधी हत्यार रिकामे आहे याची खात्री करावी, सिलिंडरची प्रत्येक खोली डोळ्यांनी पाहावी, आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. ज्याला परवाना नाही त्याने येथेच थांबावे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातून दुरुस्ती करूनही उडू न शकणाऱ्या पुराणवस्तू सुटतात खऱ्या. पण आजोबांच्या पेटीतली वस्तू त्यांत बसते की नाही, याचा निवाडा घरातल्या कोणी करू नये.

काळ्या दारूची काजळी तेलाने जात नाही. तिला साबणाचे गरम पाणी लागते, आणि लगेच संपूर्ण कोरडे करावे लागते. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून जो क्षार उरतो तो मिठाचाच भाऊबंद. मीठ तेलात विरघळत नाही हे लोणचे घालणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते, तरी बंदूकवाले वर्षानुवर्षे त्या क्षारावर तेल फाशीत आणि नळी गंजली म्हणून तेलवाल्याला दोष देत.

बाहेरच्या निकेलला मऊ सुती फडके आणि खनिज तेलाचा थेंब पुरतो. अमोनिया असलेली द्रावणे मात्र जपून वापरावीत. ती नळीतले तांबे काढण्यासाठी केलेली असतात, आणि अनेक मुलाम्यांत निकेलखाली तांब्याचाच अस्तर-थर असतो. जेथे पापुद्रा सुटला आहे तेथून द्रावण आत शिरते, तांबे विरघळवते आणि उरलेले निकेलही उपटते. करडई किंवा जवसाचे तेल लावू नये, ते वाळून चिकट होते. हस्तिदंती वा शिंपल्याची मूठ असेल तर तिला पाणी-तेल दोन्ही लागू देऊ नये. पेचाच्या खाचेत नेमका बसेल असाच पेचकस घ्यावा; खाच फुटलेला पेच शंभर वर्षांच्या वस्तूचे तोंड विद्रूप करतो.

चकाकी आणण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. येथे आमच्या पापाची कबुली देणे भाग आहे. वय एकोणीस-वीस. त्या कारागिरांनी एक नळी आणून दिली. निकेल ठिकठिकाणी उडालेले, वरच्या कण्यावर कंपनीचा पत्ता व पेटंटच्या तारखा. ते म्हणाले होते, "जेवढे सुटले आहे तेवढेच बघ." आम्ही ते ऐकले नाही. आम्लात उलटा प्रवाह सोडून सगळे जुने निकेल उतरवले, नळी बफच्या चाकावर धरली, गंजाचे खड्डे निघेपर्यंत घासली आणि नवा मुलामा चढवला. आरशासारखी झाली. आम्ही मोठ्या ऐटीत ती पुढे केली. म्हातारबुवांनी ती उन्हाकडे धरली, कण्यावरून अंगठा फिरवला आणि विचारले, "अक्षरं कुठं गेली?"

कण्याच्या धारा गोल झाल्या होत्या. स्प्रिंगफील्डमध्ये कोणा पॉलिशवाल्याने त्या धारा सरळ राखण्यासाठी दिवस घालवला असेल. आम्ही अर्ध्या तासात तो पुसला. पॉलिशवाल्यांचे नाव वस्तूवर कधीच नसते. अमेरिकेत त्यांनी संघटना केली, सेंट लुईसच्या एका शेगड्यांच्या कारखान्यात १९०६ साली नऊ तासांच्या दिवसासाठी संप केला, आणि त्यातून उपजलेला खटला १९११ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हे आम्ही पुष्कळ नंतर वाचले आणि ती नळी पुन्हा आठवली.

संग्राहकांना अशी कामगिरी ओळखू येते. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या निकेल रिव्हॉल्व्हरांत घोडा आणि चाप यांना बहुधा निकेल देत नसत. तेही चकाकत असले की कोणीतरी मागाहून हात फिरवला आहे असा संशय घ्यावा.

ठेवण्याबद्दल थोडेसे. चामड्याच्या म्यानात हत्यार कायमचे ठेवू नये. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली रसायने निकेलला डागतात. कोरड्या सुती कापडात गुंडाळून, सोबत सिलिका जेलची पुडी घालून, कुलपात ठेवावे. संग्रहालयवाले तेलाऐवजी मेणाचा अतिपातळ हात देतात. त्यांत पसंतीस उतरलेले एक मेण ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झाले. कोकणात किंवा पावसाळ्यात कोठेही असाल तर महिन्यातून एकदा उघडून पाहावे, आणि हात लावला असेल तेथे पुन्हा फडके फिरवावे, कारण बोटांच्या घामाचा ठसा निकेलवर उठतो आणि काही आठवड्यांनी तो पुसूनही जात नाही.