वाऱ्याचं पीक काढणारा किनारा

भिरभिरं हातात धरून पळालं की ते गरगर फिरतं. आपण थांबलो की तेही थांबतं. डेन्मार्कमधल्या जटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र पळायची फारशी गरज नाही! समोर अफाट उत्तर समुद्र. त्यावरून पश्चिमेचे वारे सुसाट येतात. वाटेत डोंगर नाहीत आणि जमीनही सपाट. हिवाळ्यात, म्हणजे दिवे जास्त वेळ लागतात तेव्हाच, वाराही जास्त जोरात वाहतो.

मित्रांनो, वाऱ्याचा हिशेब मोठा गमतीचा आहे बरं का! वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याची ताकद आठपट होते. म्हणून किनाऱ्यावरच्या वाऱ्याला एवढं मोल.

हे मोल ओळखलं एका शिक्षकाने. पोल ला कूर हे त्यांचं नाव. जटलंडमधल्या आस्कॉव्ह गावी १८९१ साली त्यांनी पवनचक्कीवर वीज तयार केली. पण वारा पडला तर? त्यांनी त्या विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढला, साठवला आणि त्यावर शाळेत दिवे लावले. कधी कधी त्यात ऑक्सिजन मिसळायचा, स्फोट व्हायचा आणि खिडक्यांच्या काचा फुटायच्या!

पुढे स्वस्त खनिज तेल आलं आणि पवनचक्क्या मागे पडल्या. १९७३ साली तेल एकदम महागलं. जवळजवळ सगळं तेल बाहेरून आणणारा डेन्मार्क अडचणीत आला. तेव्हा किनाऱ्याजवळच्या ट्विंड इथल्या शाळेतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी कंबर कसली. मदतीला इतर माणसंही आली. १९७८ मध्ये त्यांची पवनचक्की फिरू लागली. तेव्हा ती जगातली सर्वांत मोठी होती! शेतीची अवजारं बनवणारे कारखानेही या कामात उतरले.

मग पवनचक्क्या समुद्रात शिरल्या. जटलंडच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत समुद्र उथळ आहे. त्यामुळे तळाशी पाया घालता येतो. २००२ साली हॉर्न्स रेव्ह इथे ८० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. मासेमारीसाठी गाजलेल्या एस्ब्यर्ग बंदरातून आता पवनचक्क्यांची अजस्र पाती जहाजांवर चढतात. आज डेन्मार्कची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळते.

ला कूर यांना पडलेला प्रश्न मात्र अजून आहेच. वारा पडला तर? अशा वेळी समुद्राखालच्या तारांमधून शेजारच्या नॉर्वेची, धरणांच्या पाण्यावर तयार झालेली वीज येते. इकडे वारा जोरात असला की जटलंडची वीज तिकडे जाते. शेजारधर्मच म्हणा ना!

तुम्हीही एक प्रयोग करा. भिरभिरं आधी घराच्या अंगणात धरा. मग मोठ्या माणसांबरोबर गच्चीवर न्या. कुठे जोरात फिरलं? का फिरलं असेल? झाडं आणि घरं वारा अडवतात, हे आठवा. मग समुद्रावर अडवायला कोण आहे, ते सांगा!