फोटोत न आलेला खडक

कोकणकन्या एक्सप्रेस डोंबिवलीला येत नाही. दिव्याहून ती पनवेलकडे वळते. त्यामुळे मालवणला जायचं म्हणजे रात्रीच्या लोकलने ठाणं गाठायचं, मध्यरात्री फलाटावर ताटकळायचं आणि सकाळी कुडाळला उतरायचं. 2011च्या डिसेंबरात मी असा डायव्हिंगसाठी पहिल्यांदा गेलो. पोहायला शिकलो होतो घरडा सर्कलजवळच्या क्रीडासंकुलातल्या तलावात, जिथे तळाच्या फरशा मोजता येतात. सिंधुदुर्ग किल्ल्यामागच्या समुद्रात तसं काहीच नव्हतं. हिरवट, धूसर पाणी होतं, आणि हात धरून खाली नेणारा मच्छीमाराचा पोरगा. ‘घाबरू नका, कान दुखले की नाक दाबून फुंका,’ एवढंच त्याने सांगितलं.

त्या पंधरा मिनिटांनी मला समुद्राचं वेड लावलं. पुढे 2014, 2018 आणि 2023ला पुन्हा गेलो. गेल्या महिन्यात त्या चारही खेपांचे फोटो एकत्र मांडले. पहिले सीडीवर होते, नंतरचे मेमरी कार्डांवर, शेवटचे फोनमध्ये. ठाण्या-कल्याणच्या मित्रांकडूनही मागवले. प्रत्येकात तेच: मास्क लावलेला चेहरा, ब्रेडच्या तुकड्याभोवती जमलेले काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे आणि वर केलेला अंगठा. पाण्याखाली त्या अंगठ्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो. ‘ठीक आहे’ सांगायला अंगठा आणि तर्जनीचं कडं करायचं असतं. पण मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. चार खेपांच्या त्या ढिगात खडकाचा एकही नीट फोटो नव्हता. ज्या प्रवाळासाठी ते मासे तिथे राहतात, ते आमच्या पायांखाली कुठेतरी अर्धवट कापलं गेलं होतं. 2011च्या एका फोटोत तर माझ्याच पायातला फिन त्यावर टेकलेला दिसतो. त्याचं वाईट अजून वाटतं.

मालवणला लक्षद्वीपसारखी प्रवाळाची खोल भिंत नाही. जे आहे ते उथळ, खडकाला बिलगलेलं आणि गाळ सोसणारं. म्हणूनच ते मोलाचं. 1987 साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटरचं. मासेमारीवर गदा येईल म्हणून गावाने त्याला विरोध केला आणि ती भीती खोटी नव्हती. पुढे डॉ. सारंग कुलकर्णींसारख्या सागरी जीवशास्त्रज्ञांनी तिथल्याच तरुणांना डायव्हिंग शिकवलं, तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची (एमटीडीसी) प्रशिक्षण संस्था उभी राहिली, आणि होडीवरच्या पोरांना दुसरा रोजगार मिळाला. माझ्या मते या काळातली सर्वांत चांगली गोष्ट हीच. गर्दीही वाढली. 24 मे 2022ला तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. आता नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवून संग्रहालय करायचं ठरलं आहे.

प्रवाळाचं काय झालं, हे मात्र आमच्या फोटोंवरून सांगता येत नाही. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. एप्रिल 2024मध्ये शास्त्रज्ञांनी जगभर चौथ्यांदा असं घडत असल्याचं जाहीर केलं. माझ्या 2023च्या फोटोत एका कोपऱ्यात फिकट डाग दिसतो. ते आजारी प्रवाळ आहे की कॅमेऱ्याची करामत, ठरवता येत नाही. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी शोषला जातो. खोल गेलं की लाल वस्तूही काळपट दिसते. फोन मग आपल्या मनाने रंग भरतो, प्रत्येक फोन वेगळे. फ्लॅश मारावा तर गाळाचे कण चमकून फोटोभर पांढरे ठिपके उमटतात. जवळ जाऊन, पण न टेकता, आडव्या अंगाने तरंगत काढला तरच काही हाती लागतं.

उपाय साधा आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच उपक्रमाने प्रवाळाशी ताडून पाहायचा रंगतक्ता केला आहे. तो चौकटीत असला की कॅमेऱ्याने भरलेला रंग ओळखता येतो. तक्ता नसेल तर साधी पांढरी प्लास्टिकची पाटीही उपयोगी पडते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून दर हंगामात किती कुटुंबं मालवणला जातात! त्यांतल्या दहांनी जरी एकाच खडकाचा फोटो पाटीसह, तारखेसह दरवर्षी काढला असता, तर आज आपल्याकडे पंधरा वर्षांची नोंद असती.

या हंगामात जाणार असाल तर ब्रेड नेऊ नका, आणि कोणी दिला तर नको म्हणा. तो माशांचं अन्न नाही. फिन खडकाला लावू नका. आपला एक फोटो काढून झाला की कॅमेरा खडकाकडे वळवा आणि तो फोटो तारखेसकट जपून ठेवा.