ॲमस्टरडॅम पाण्यावर उभं कसं राहिलं?

डेल्फ्ट, आयन्डहोवन किंवा आखेनला शिकणाऱ्या मराठी मुलामुलींच्या गटाला ॲमस्टरडॅम शनिवार-रविवारात सहज गाठता येतं. डेल्फ्टहून तर रेल्वेनं तासाभराचाच रस्ता. बोटीची फेरी, पुलांवरचे फोटो आणि चीझची दुकानं यांत दोन दिवस भुर्रकन जातात. हे सगळं करावंच. पण दलदलीतलं हे शहर इतकी शतकं उभं कसं राहिलं, हे समजून घेत फिरलं, तर अभियांत्रिकीपासून इतिहासापर्यंत सगळ्याच शाखांच्या विद्यार्थ्यांच्या पदरात बरंच काही पडेल.

तेराव्या शतकात आम्स्टेल नदीवर बांध घातला गेला. आजचा डॅम चौक त्याच जागी आहे. १५८५मध्ये अँटवर्प स्पेनच्या हाती पडलं आणि तिथले व्यापारी-कारागीर इकडे आले. गावात जागा पुरेना, म्हणून १६१३मध्ये जुन्या शहराभोवती हेरेनग्राख्त, केझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे तीन कालवे आखून खोदायला घेतले. हेरेनग्राख्तवर धनिकांचे वाडे आले, तर पलीकडच्या योर्दान भागात कारागीर आणि मजूर राहू लागले. घरांच्या माथ्यावर आजही लोखंडी आकडे दिसतात. बोटीतून आलेला माल दोरानं ओढून त्यांच्या आधारे थेट माळ्यावर चढवत. २०१०पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

घरांचा खरा आधार मात्र डोळ्यांना दिसत नाही. वरची जमीन मऊ चिखलाची आणि पीटची. वाळूचा घट्ट थर लागतो तो अकरा-बारा मीटर खोल. तिथपर्यंत लाकडी खांब ठोकायचे आणि त्यांवर इमारत उभी करायची, हे इथलं पाइल फाउंडेशन. डॅम चौकातल्या राजवाड्याचं बांधकाम १६४८मध्ये सुरू झालं. त्याच्याखाली १३,६५९ खांब आहेत. पाण्याखाली ऑक्सिजन पोचत नसल्यामुळे लाकूड शतकानुशतकं टिकतं. भूजल खाली गेलं, खांबांची डोकी उघडी पडली, की बुरशी लागते आणि घर खचू लागतं. म्हणून कालव्यांची पातळी ठरलेल्या शून्य रेषेच्या सुमारे ४० सेंटिमीटर खाली राखली जाते.

ही शून्य रेषाही याच शहरानं आखली. १६८०च्या दशकात महापौर योहानेस हुडे यांच्या काळात पाण्याच्या दरवाजांपाशी खुणेचे संगमरवरी दगड बसवले गेले. त्यातूनच आजचं ‘एनएपी’ हे उंचीचं प्रमाण तयार झालं. नगरपालिकेच्या इमारतीत ते काचेच्या नळ्यांतल्या पाण्याच्या स्तंभांनी दाखवलं आहे. त्यातला एक स्तंभ १९५३च्या महापुराची झीलंडमधली पातळी दाखवतो. शून्याच्या वर ४.५५ मीटर! तिथे उभं राहिलं की या देशाला पाण्याची इतकी काळजी का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

कालवे स्वच्छ ठेवणं हीदेखील रोजची जबाबदारी आहे. पूर्वी शहराची सगळी घाण त्यांतच जाई आणि उन्हाळ्यात दुर्गंधी सुटे. आता मैलापाण्याच्या वाहिन्या आहेत. शिवाय ठरावीक रात्री पाण्याचे दरवाजे बंद करून पंपांनी ताजं पाणी आत सोडतात. तरीही हे कालवे कायम राहतील, याची खात्री कधीच नव्हती. एकोणिसाव्या शतकात त्यांतले अनेक बुजवून रस्ते झाले. १९५४मध्ये पोलीसप्रमुखांनीच वाहतुकीसाठी आणखी कालवे बुजवायची योजना मांडली. विरोध झाला आणि ती बारगळली. सप्टेंबर २०२०मध्ये विद्यापीठाच्या इमारतींजवळची ग्रिमबुर्गवाल कालव्याची भिंत कोसळली. खांबांवर उभ्या असलेल्या सुमारे २०० किलोमीटर काठभिंतींची तपासणी आणि दुरुस्ती हे आता शहरापुढचं मोठं काम आहे.

या वैभवाचा पैसा कुठून आला, हेही विचारायला हवं. १६०२मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचं ॲमस्टरडॅममधलं मुख्यालय आज विद्यापीठाकडे आहे. तिथे जरूर जावं. याच कंपनीनं १६३७च्या सुमारास आपल्या वेंगुर्ल्यात वखार घातली होती. कंपनीच्या व्यापारात मसाले होते, कापड होतं आणि गुलाम केलेली माणसंही होती. शहराच्या गुलामगिरीतल्या सहभागाबद्दल महापौर फेम्के हाल्सेमा यांनी १ जुलै २०२१ रोजी माफी मागितली.

गटानं जाताना काही पथ्यं पाळावीत. प्रिन्सेनग्राख्तवरच्या ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं ऑनलाइनच मिळतात. ती बऱ्याच आधी काढावी लागतात. कालव्याकाठी लोक राहतात, त्यामुळे अरुंद वाटांवर घोळका करून थांबू नये आणि रात्री आरडाओरडा टाळावा.

आणि सुट्टीत घरी आलात की वेंगुर्ल्यालाही जा. तिथली डच वखार पडक्या अवस्थेत उभी आहे. हेरेनग्राख्तचे वाडे पाहिलेल्यांनी त्याच व्यापाराचं हे कोकणातलं टोकही पाहावं आणि ते टिकवण्यासाठी आवाज उठवावा.