दोष ताटातला नव्हे : अमायलॉयडोसिसविषयी

‘शरीरात प्रथिनांचा साठा झाला आहे’ एवढेच अर्धवट वाक्य घरच्यांच्या कानी पडले, की मीरा रोडच्या नया नगरसारख्या खिमा-कबाबाच्या शौकीन वस्तीत पहिला हुकूम सुटतो तो स्वयंपाकघरावर : मटण बंद, अंडी बंद, डाळही बेताची. हुकूम सद्भावनेचा असला तरी निराधार आहे. कारण अमायलॉयडोसिसमध्ये साचणारे प्रथिन ताटातून आलेले नसून, शरीरानेच निर्माण केलेले आणि रचना बिघडल्यामुळे न विरघळणाऱ्या सूक्ष्म तंतूंच्या रूपाने हृदय, मूत्रपिंड, यकृत, मज्जातंतू अशा ठिकाणी पेशींच्या बाहेर जमत गेलेले असते. उलट लघवीवाटे प्रथिन वाहून जाऊन क्षीण झालेल्या माणसाला परस्पर उपाशी ठेवले, तर रोगाने केलेल्या नुकसानीत आप्तांची भर पडते. मूत्रपिंडाच्या अवस्थेनुसार आहार बदलावा लागतो खरा, परंतु ती तजवीज डॉक्टरांनी करावयाची.

अर्थात या बाबतीत सामान्य माणसालाच बोल लावणे अन्यायाचे होईल. खुद्द रुडॉल्फ विर्खोसारख्या विख्यात विकृतिशास्त्रज्ञाने १८५४ साली आयोडीनच्या परीक्षेवरून हा पदार्थ पिष्टासारखा असल्याचे मानले होते, आणि तो प्रथिनयुक्त आहे हे फ्रीडरिख व केकुले यांनी १८५९ साली दाखविले.

दुसरा समज असा, की हा कर्करोगच आहे. खरे पाहता अमायलॉयडोसिस हे एका रोगाचे नसून रोगसमूहाचे नाव आहे, आणि साचलेले प्रथिन कोणते, या एका प्रश्नावर पुढचा सारा इलाज अवलंबून असतो. एका प्रकारात अस्थिमज्जेतील बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी ते निर्माण करतात. हा विकार कर्करोगाचा निकटवर्ती आहे आणि केमोथेरपीसदृश औषधे येथेच लागू पडतात. दुसऱ्यात यकृतात तयार होणारे ट्रान्सथायरेटिन साचते. ते काहींत वंशागत दोषामुळे, तर बहुधा वृद्ध पुरुषांत अशा दोषाविनाच. तिसरा आपल्या प्रदेशाच्या विशेष परिचयाचा : क्षय, कुष्ठरोग, संधिवात अशा विकारांचा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहिल्याने उद्भवणारा. ज्या मुंबईने १८९० साली कुष्ठरुग्णांसाठी माटुंग्याचे आश्रयस्थान, म्हणजे पुढचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय, उभारले आणि शिवडीला क्षयरोग्यांसाठी स्वतंत्र रुग्णालय राखले, तिला हा तिसरा प्रकार परका मानता येणार नाही. मूळ क्षय संसर्गजन्य असू शकतो. मात्र त्यातून उद्भवलेला अमायलॉयडोसिस सहवासाने किंवा एका ताटात जेवल्याने लागत नाही, तेव्हा रुग्णाची भांडी वेगळी काढणे व्यर्थ होय. क्षयाचे औषध मध्येच न सोडणे, हा मात्र या प्रकारात खराखुरा प्रतिबंध ठरतो.

रोग ओळखण्यास उशीर लागतो, कारण त्याची लक्षणे नेहमीच्या विकारांसारखीच दिसतात. दम लागला तर रक्तदाब, लघवीला फेस आला तर मधुमेह, पाय बधिर झाले तर वय, अशी सोयीची कैफियत आधीच तयार असते. परंतु जीभ मोठी होणे, डोळ्यांभोवती विनाकारण जांभळे डाग उमटणे, दोन्ही मनगटांत नस दबणे, किंवा सोनोग्राफीत हृदयाची भिंत जाड असताना ईसीजीतील लहरी मात्र त्या मानाने खुज्या असणे, अशी जुळणी दिसली तर विशेष तपासणीचा आग्रह धरावा. पोटाची चरबी किंवा बाधित अवयवाचा तुकडा काँगो रेडने रंगवून ध्रुवीभूत प्रकाशात पाहिला असता हिरवी झाक दिसते. चरबीचा नमुना निर्दोष निघाला म्हणून मात्र रोग नाही असे ठरत नाही.

‘इलाजच नाही’ हा समज आता कालबाह्य होय. प्लाझ्मा पेशींच्या प्रकारासाठी डाराटुमुमॅब हे औषध अमेरिकेत २०२१ साली संमत झाले, आणि ट्रान्सथायरेटिनच्या हृदयविकारासाठी टॅफामिडिस २०१९ साली. जुना साठा झटकन विरत नाही. नवा थांबविणे हेच प्रथम साधायचे असते, म्हणून लवकर निदान मोलाचे. मीरा रोडहून लोकलने प्रभादेवीला उतरून परळच्या केईएम किंवा टाटा स्मारक रुग्णालयात जाताना जुने सर्व अहवाल सोबत न्यावेत आणि ‘प्रथिन कोणते?’ हे स्पष्ट विचारावे. वंशागत प्रकार निघाल्यास प्रत्येक अपत्यात दोष उतरण्याची शक्यता सामान्यतः ५० टक्के असते. तथापि दोष उतरला म्हणजे रोग प्रकट होतोच असे नाही, हे समजावून मगच मुलांची चाचणी करावी.