टीबीच्या कोर्समधला सोबती

क्षयरोगाचा, म्हणजे टीबीचा, नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. तरीही कोर्स अर्धवट सुटतो. महिना-दीड महिन्यात खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते. मग गोळ्या कशाला, असे वाटू लागते. आत दबून राहिलेले जंतू मात्र मेलेले नसतात. औषध सोडले की आजार उलटतो आणि जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो.

पूर्वी हा काळ आरोग्यधामात जाई. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या ठिकाणी रुग्ण महिनोन्‌महिने राहत आणि शेजारच्या खाटेवर आजाराचा पुढचा टप्पा गाठलेला कोणीतरी असे. 1956 मध्ये मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासातून दिसले, की घरी राहून औषधे घेणारे रुग्णही आरोग्यधामातल्या रुग्णांइतकेच बरे होतात. उपचार घरी आले, ही गरिबांसाठी फार मोठी सोय झाली. पण शेजारची खाट गेली. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातले ‘टीबी चॅम्पियन’, म्हणजे बरे होऊन प्रशिक्षण घेतलेले रुग्ण, ती उणीव भरून काढतात.

त्यांच्या बोलण्याचे मोल बारीकसारीक तपशिलात आहे. रिफाम्पिसिन या औषधाने लघवी केशरी होते. डॉक्टरांनी तसे सांगितलेले असते, पण ओपीडीच्या गर्दीत ते कानावरून जाते; घरी तो रंग पाहून रक्तच जातेय असे वाटते आणि दुसऱ्या दिवशीची गोळी टाळली जाते. ‘ताई, माझीपण तशीच व्हायची, औषधाचा रंग आहे तो,’ एवढे एक वाक्य तिथे पुरते. मळमळ, सांधेदुखी, हातापायांना मुंग्या यांबद्दलही असेच. डोळे पिवळे झाले किंवा नजर अंधुक झाली, तर मात्र धीर देत बसायचे नाही, तडक डॉक्टरांकडे पाठवायचे. चांगल्या सोबत्याला ही सीमा ठाऊक असते.

घरातल्या वागणुकीचा प्रश्न याहून कठीण. ताट-वाटी वेगळी काढली जाते, सुनेचा आजार लपवला जातो, ठरलेले लग्न मोडते. फुप्फुसाचा टीबी खोकल्यातून हवेवाटे पसरतो, भांड्यांतून नव्हे. आणि योग्य औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांत संसर्गाची शक्यता खूप कमी होते. आशा सेविका हे सांगतेच, पण बरी होऊन संसार करणारी बाई समोर बसून सांगते तेव्हा सासूच्याही गळी उतरते.

अनुभव जुना होतो, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीसाठी काही वर्षांपूर्वीपर्यंत दीड-दोन वर्षे उपचार चालत आणि त्यातल्या इंजेक्शनांनी काहींची ऐकण्याची शक्ती गेली. 2024 मध्ये भारताने बेडाक्विलिनसह चार तोंडी औषधांचा सुमारे सहा महिन्यांचा कोर्स मंजूर केला. जुन्या उपचारातून गेलेल्याची हकिगत खरी असते, पण तिच्यासोबत साल सांगितले नाही तर नवा रुग्ण विनाकारण धास्तावतो. ती हकिगत किती सांगायची, नावानिशी सांगायची की नाही, हे ठरवण्याचा हक्क सांगणाऱ्याचाच. जाहीर कार्यक्रमात एकदा नाव उघड झाले, की गावात ते परत झाकता येत नाही.