दुपारचे काम बंद!

आखातातून सुटीवर आलेला कामगार दवाखान्यात आला की मी आधी विचारतो, "दुपारी काम बंद असते ना?" कतारमध्ये २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम करवून घेण्यास बंदी आहे. जुन्या बाजारातली दुकाने तर रिवाजानेच दुपारी मिटतात.

घाम वाळला तरच शरीर थंडावते. समुद्रकाठच्या दमट हवेत तो नुसता ओघळतो आणि उष्णता अंगातच साठते. म्हणूनच ऊन, वारा, दमटपणा धरून काढलेले मान ३२.१ अंशांवर गेले, की वेळ कोणतीही असो, काम थांबवावे लागते. हा नियम मला वेळापत्रकाहून शहाणा वाटतो.

सोबती बरळू लागला किंवा कोसळला, तर मुकादमाची वाट पाहू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा.